तल्हाचा गुडघा

तबूकच्या बास्केटबॉल क्लबात उस्मानभाईंचं काम नेमकं कोणतं, हे कुणालाच धड सांगता आलं नसतं. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, नुसतं ‘कामगार’ लिहिलेलं. जर्सी धुवून वाळत घालणं, बर्फाच्या पिशव्या भरणं, सरावानंतर खेळाडूंचे पाय चोळून देणं आणि सामना हरल्यावर कुणाशी एक शब्द न बोलता खोली आवरणं, हे सगळं त्यांच्याकडेच होतं. खेळाडू त्यांना ‘अम्मो’ म्हणत, म्हणजे काका. अरबीत अहो-जाहो नाही, लहानथोर सगळे तूच. पण त्या ‘अम्मो’त मान येऊन जाई.

ते मूळचे रत्नागिरीजवळच्या साखरतरचे. वडील खाडीवर खलाशांचे मुरगळलेले हातपाय चोळत, निखळलेला खांदा बसवत. ती कला उस्मानभाईंकडे थोडीफार आली, पण पोटाला मात्र धोबीकाम आलं. तरुणपणी मदिन्याच्या एका हॉटेलात चादरी धुवायला म्हणून आले आणि पुढे कुणाच्या ओळखीने उत्तरेला तबूकला, क्लबाच्या धोबीखान्यात लागले. एकदा सामन्यात एका पोराचा घोटा मुरगळला, डॉक्टर वाटेत अडकलेला. उस्मानभाईंनी हात लावला आणि पोरगा उभा राहिला. तेव्हापासून मालिशचं टेबलही त्यांच्या गळ्यात पडलं. सकिना, त्यांची बायको, गावाहून येणाऱ्या कुणा ना कुणाबरोबर उंडीच्या तेलाची बाटली पाठवी. त्या तेलाचा कडवट वास खेळाडूंच्या अंगाला इतका बसला होता, की प्रतिस्पर्धी संघ नाक मुरडत.

“अम्मो, हे तेल आहे की हत्यार?” तल्हा विचारी.

तल्हा संघातला सगळ्यात उंच गडी. मदिन्याचा. बास्केटखाली उभा राहिला की मागचा माणूस दिसत नसे. गेल्या वर्षी त्याचा उजवा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, आणि हा पोरगा आता पुन्हा उडी मारत नाही, असं सगळे धरून चालले. डॉक्टरांनी त्यांचं काम केलं, व्यायाम घेणाऱ्यांनी त्यांचं. पण रोज संध्याकाळी टेबलावर पडून राहायला आणि भीती बोलून दाखवायला तल्हाला उस्मानभाईच लागत. हळूहळू गुडघा बरा झाला. आधीपेक्षा बरा झाला, असं उस्मानभाईंचे हात त्यांना सांगत. ते त्यांनी तोंडाने कधी उच्चारलं नाही.

दर शुक्रवारी नमाजानंतर तल्हा त्यांना गाडीतून त्यांच्या खोलीवर सोडी आणि तिथेच जेवी. समुद्रावरून आलेली सुरमई, सकिनाच्या मसाल्याचं कालवण आणि भात. तल्हाच्या डोळ्यांतून पाणी वाही, नाक लाल होई, आणि तरी तो ताट पुढे करी.

“तुझ्या बायकोचं माझ्याशी काय वैर आहे?”

“खा गपचूप. हे खाऊनच आमच्याकडची पोरं होड्या ओढतात.”

उस्मानभाईंना एकच मुलगी, शबनम, लग्न होऊन खेडला गेलेली. मुलगा नाही. त्या शुक्रवारच्या जेवणात त्यांना काय मिळत होतं, हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. क्लबाने यंत्रंबिंत्रं घेऊन एक शिकलेला फिजिओ आणला, तेव्हा समितीत कुणीतरी म्हणालं की आता म्हाताऱ्याची काय गरज. संघाचा व्यवस्थापक मुझम्मिल, सुदानचा, भला माणूस. त्याने ते खेळाडूंच्या कानावर घातलं. तल्हा हसत म्हणाला, “अम्मो गेला तर मीही गेलो.” बोलणं तिथेच मिटलं. उस्मानभाईंना हे मागाहून कळलं. त्यांनी आभार मानले नाहीत. पुढच्या शुक्रवारी दोन तुकडे जास्त वाढले.

अशात मदिन्याच्या एका क्लबाकडून विचारणा आली. तुमचा तल्हा आम्हाला द्या, आमचा लांबून नेम धरणारा गडी तुम्ही घ्या. तबूकला असा नेमबाज हवाच होता, मदिन्याला उंच माणूस. सरळ अदलाबदल. दोन्हीकडचे लोक हिशेब मांडून बसले: कोण किती वर्षं टिकेल, कुणाचं वय काय, कुणाच्या जाण्याने काय पडेल. तबूकचे प्रशिक्षक दोन दिवस मान हलवत फिरले आणि शेवटी हो म्हणाले. मदिन्याचं मात्र घोडं गुडघ्यापाशी अडलं होतं.

तल्हाचं कुठेच अडलं नव्हतं. त्याची आई हलिमा मदिन्यात एकटी होती. साखरेने तिचे डोळे अधू झाले होते. हरम, म्हणजे मदिन्याची मोठी मशीद, घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, पण हात धरून नेणारं कुणी नाही.

“रोज विचारते, कधी येतोस,” टेबलावर पालथा पडून तल्हा म्हणाला. “हे जमलं ना अम्मो, तर असरच्या नमाजाला मी स्वतः तिला घेऊन जाईन. तूही ये. माझ्याकडेच उतर.”

“अल्लाह करो,” उस्मानभाई म्हणाले. शब्द बरोबर होते. पण माशाचा काटा गिळावा तसे ते घशातून गेले.

मदिन्याकडून गुडघा बघायला आला तो ध्रुव. आकडेवारीचा माणूस, लॅपटॉपवाला, तिशीच्या आतला. तो दोन दिवस सराव पाहत बसला. दुसऱ्या दिवशी उस्मानभाई फोनवर सकिनाशी बोलत होते, ते त्याच्या कानावर पडलं, आणि तो हसतच आत आला.

“काका, तुम्ही मराठी?”

“साखरतर. रत्नागिरी.”

“अरे वा. आम्ही सांगलीचे. म्हणजे बाबा सांगलीचे, मी रियाधचाच. गावी लग्नाबिग्नाला जातो तेवढंच. माझं मराठी जरा गंजलंय, हसू नका.”

“गंजलं तरी लोखंडच की ते.”

ध्रुवला ते फार आवडलं. त्याने बॅगेतून डबा काढला. “आई प्रत्येक ट्रिपला नारळाच्या वड्या भरून देते. घ्या ना. इथे कोण खाणार?”

उस्मानभाईंनी एक वडी घेतली. वेलचीचा वास आला आणि कधी नव्हे ते टेबलाजवळच्या खुर्चीवर ते पाहुण्यासारखे बसले. तबूकमध्ये इतक्या वर्षांत कुणी त्यांना मराठीत ‘घ्या’ म्हटलं नव्हतं.

“एक विचारू काका?” ध्रुव म्हणाला. “डॉक्टरांचे रिपोर्ट क्लीन आहेत. नंबर मस्त आहेत. पण आमचे वरचे लोक गुडघा म्हटलं की घाबरतात. रोज तुमचा हात असतो त्यावर. तुमचा मुलगा असता, तर तुम्ही काय सांगितलं असतं?”

आता साखरतरची एक रीत सांगायला हवी. तिथे आपल्या माणसाचं, आपल्या वस्तूचं चांगलं कुणी आपल्या तोंडाने बोलत नाही. नवी होडी पाहून कुणी वा म्हटलं, तर मालक म्हणतो, “पाणी घेते जरा.” शबनम लहानपणी गुटगुटीत होती, शेजारणींनी गाल ओढले की सकिना म्हणे, “कसली वो, नुसती सुजलेली हाय.” नजर लागू नये म्हणून. ऐकणाऱ्यालाही ते कळतं, तो हसतो आणि सोडून देतो. उस्मानभाईंच्या हाडात हे मुरलेलं. त्यातून ध्रुवने ‘मुलगा’ म्हटलं.

“गुडघा का?” ते म्हणाले. “काय सांगू बाबा. आहे आपला. थंडीत कुरकुरतो. ढकलतोय बिचारा.”

ध्रुव हसला नाही. डब्याचं झाकण लावता लावता त्याचा हात थांबला.

“म्हणजे अजून दुखतो?”

इथपर्यंत जे झालं ते जिभेच्या सवयीने झालं. पण या प्रश्नापाशी उस्मानभाई पुरते जागे होते. समोरचा पोरगा साखरतरचा नाही, रियाधच्या इंग्रजी शाळेत शिकलेला आहे आणि बोललेला शब्द तो शब्दशः घेतो आहे, हे त्यांना लख्ख दिसलं. नुसतं “नाही रे, तसं नव्हे” म्हणायचं होतं. त्या एका श्वासात त्यांना शुक्रवारचं ताट दिसलं, एकच. समितीतला तो आवाज ऐकू आला. आणि ते डब्याकडे बघत म्हणाले, “अल्लाह मालिक.”

ध्रुवने मान डोलावली. “थँक्स काका. असं खरं कुणी सांगत नाही.” जाताना डबा तिथेच ठेवून गेला.

पुढच्याच आठवड्यात मुझम्मिलने तल्हाला बोलावून सांगितलं की मदिन्याने हात आखडला. खलास. कारण? गुडघ्याची खात्री वाटत नाही म्हणाले.

तल्हा त्या संध्याकाळी टेबलावर आला तो सरळ पडला नाही. बसून राहिला आणि आपल्याच गुडघ्याकडे दुसऱ्याच्या सामानाकडे बघावं तसा बघू लागला.

“त्यांच्याकडे मशिनं आहेत, कॉम्प्युटर आहेत. त्यांना काहीतरी दिसलंच असणार. अम्मो, नीट हात लाव. आत काही आहे का?”

उस्मानभाईंनी हात लावला. आत काही नव्हतं. “नाही,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक आला की तल्हाने ते ‘नाही’ मोजलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो उडीनंतर डाव्या पायावर उतरायला लागला. मग उडीच लहान झाली. मग सरावात, कुणी हात लावला नसताना, तो लंगडला. प्रशिक्षकांनी त्याला बाजूला बसवलं. फिजिओने पुन्हा तपासलं, सगळं ठीक निघालं, आणि तल्हा म्हणाला, “तुला दिसत नाही, त्यांना दिसलं.” चांगला गुडघा डोळ्यांदेखत आजारी पडत होता. उस्मानभाई बर्फाची पिशवी घेऊन उभे राहत आणि त्यांना वाटे, आपण घरफोडी केलेल्या घरी समाचाराला आलो आहोत.

घराकडे त्यांचा रोज दुपारी फोन होई. सकिनाने पडद्यावर त्यांचं तोंड पाहिलं.

“जेवलाव काय?”

“जेवलो.”

“मग तोंड का असा? जसा काय कुनी मेलाय.”

त्यांनी सांगितलं, पण अर्धंच. त्या मराठी पोराने विचारलं, आपण रीतीप्रमाणे बोललो, त्याला रीत ठाऊक नव्हती. पोराचं नशीब.

सकिना म्हणाली, “नजर लागंल म्हनून बोललाव?”

“तर काय.”

“मग ‘माशाअल्ला, बरा हाय’ बोलायला जीभ झडली होती काय? आमी गावची अडानी मान्सं. तुमी तर मदिन्याचा पानी प्यायलेलं.”

खरंच, अरबांच्या मुलखात नजरेवरचा तो उतारा बसता-उठता वापरतात. नवी गाडी, नवं बाळ, भरलेलं ताट, सगळ्याला माशाअल्लाह. उस्मानभाईंनी स्वतः दिवसातून कितीदा म्हटलं असेल.

“नजर त्याला लागनार होती,” सकिना म्हणाली, “की शुक्रवारी तुमाला एकट्याला जेवायला लागनार होता?”

“काय बोलतेस तू.”

“मी काय तुमाला ओळखत नाय? शबनमला बघायला आली तवा पन तुमी तिकडनं फोनवर पोऱ्यात खोट काढत बसलेलाव. नाक वाकडा हाय, चालतो कसा. पोर लांब जाते, हे बोलायची लाज.” मग तिचा आवाज उतरला. “आंधळ्या आईच्या हातातली काठी काढून घेतलीत वो तुमी.”

उस्मानभाईंनी फोन ठेवला. ध्रुवचा डबा समोरच होता. वड्या संपल्या होत्या. त्यात ते आता पट्ट्या कापायची कात्री ठेवत. तो डबा त्यांनी उचलला आणि कपाटात आत, नजरेआड ठेवला. मग स्वतःचाच राग येऊन परत बाहेर काढला. ध्रुवचा नंबर त्यांनी मुझम्मिलकडून घेतला.

“काका! कसे आहात?” ध्रुव आनंदाने म्हणाला.

“मी तुला खोटं बोललो, बाबा.”

त्यांनी सांगितलं. होडीचं सांगितलं, सुजलेल्या मुलीचं सांगितलं, आणि शेवटी, सकिनाने म्हटलेलंही सांगितलं.

“काका, आमचं तर झालं,” ध्रुव म्हणाला. “दम्मामचा एक घेतला आम्ही. सही झाली. मी तुमचं नाव लिहिलं नव्हतं. ‘विश्वसनीय व्यक्तीकडून’ असं लिहिलं.”

उस्मानभाईंचे कान तापले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

“चूक माझीही आहे,” ध्रुव म्हणाला. “रिपोर्ट बाजूला ठेवून मी तुमचं ऐकलं. मराठीत सांगितलं म्हणून मला ते जास्त खरं वाटलं. पुढच्या सीझनला मी स्वतः त्याचं नाव काढीन. प्रॉमिस. पण तोवर तो खेळताना दिसायला हवा ना. बसून राहिलेला प्लेअर मी कुणाला दाखवू?”

म्हणजे वाट पुरती बुजली नव्हती. पण ती तल्हाच्या गुडघ्यावरून जात होती, आणि तल्हाचा गुडघ्यावर विश्वास उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरावाआधी उस्मानभाईंनी तेल कोमट केलं. तल्हा आला, आडवा झाला. उजव्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून उस्मानभाई मोठ्याने म्हणाले, “लोखंड आहे हे. माशाअल्लाह. आधीपेक्षा चांगला आहे.”

तल्हा डोळे मिटूनच हसला. “तू माझं मन राखतोस.”

“नाही. खरं सांगतो.”

“अम्मो, इतक्या दिवसांत तू कधी चांगलं म्हणाला नाहीस. आज म्हणतोस, कारण तुला माझी दया येते. मदिन्याच्या लोकांना संशय काय वाऱ्यावरून आला?”

“माझ्याकडून आला.”

तल्हाने डोळे उघडले.

नुसतं चांगलं बोलून भागणार नाही, हे उस्मानभाईंना आदल्या दिवशीच कळलं होतं. खोटं कुठून आलं ते दाखवल्याशिवाय खऱ्याला कुणी दारात उभं करणार नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे न बघता, हाताखालच्या गुडघ्याकडे बघत सांगितलं. तो हिंदुस्तानी पोरगा, त्याचा प्रश्न, आपलं उत्तर.

“का?” तल्हाने विचारलं.

“आमच्याकडे नजर लागू नये म्हणून...” एवढं म्हणून ते थांबले. “ते अर्धं.”

“मग बाकीचं?”

“तू गेला असतास.”

तल्हा उठून बसला. त्याने टॉवेल घेतला आणि गुडघ्यावरचं तेल पुसायला लागला, अगदी सावकाश, एकही थेंब राहू नये असं.

“मी आईला सांगितलं की माझा गुडघा नडला,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “ती तेव्हापासून माझ्या गुडघ्यासाठी दुआ मागते. आणि तुझ्यासाठीही. म्हणते, तिथे तुझा अम्मो आहे, तो बघेल.”

टॉवेल टेबलावर ठेवून तो बाहेर गेला.

उस्मानभाई दारापर्यंत गेले आणि चौकटीला धरून उभे राहिले. मैदानात तल्हाने चेंडू मागितला. पहिली उडी त्याने मारली आणि सवयीने डाव्या पायावर उतरला. थांबला. खाली बघितलं. मग पुन्हा धावत आला, वर गेला, आणि दोन्ही पायांवर धाडकन उतरला. लाकडी जमीन वाजली. पुन्हा वर गेला, पुन्हा वाजली. प्रशिक्षकांनी शिट्टी तोंडातून काढली आणि टाळ्या वाजवल्या. संतापाने उड्या मारतो आहे हे त्यांना कळलं नाही. ते कळणारा माणूस दारात उभा होता, आणि तल्हाने त्या दाराकडे एकदाही पाहिलं नाही.

तो खेळायला लागला, चांगला खेळायला लागला. पण मालिशच्या टेबलावर परत आला नाही. फिजिओच्या खोलीत जाऊ लागला. भेटला की ‘अम्मो’ म्हणे, सलाम करी, त्यात काही कमी नसे. त्या शुक्रवारी उस्मानभाईंनी कालवण केलं, सवयीने जास्तच केलं. मशिदीबाहेर तल्हाची गाडी जिथे उभी असे, तिथे दुसरी गाडी होती. ते चालत खोलीवर आले. ज्या एकट्या ताटाच्या भीतीने त्यांनी ते सगळं केलं होतं, ते ताट समोर होतं. बिसमिल्ला म्हणून ते जेवले. आपणच पेरलेलं, आपणच खायचं.

थंडी ओसरायच्या सुमारास सामन्यानंतर मुझम्मिल कुणा पाहुण्यांना घेऊन खेळाडूंच्या खोलीत आला. कोपऱ्यात तल्हा वाकून बुटाची नाडी सोडत होता. पाहुण्यांपैकी एकाने गुडघ्याचा विषय काढला, तसा मुझम्मिल म्हणाला, “ह्यालाच विचारा, आमच्या अम्मोला. अम्मो, कसा आहे तल्हाचा गुडघा?”

उस्मानभाईंच्या हातात ओल्या जर्सींचा ढीग होता. घाईने ‘आहे आपला’ जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. ते त्यांनी गिळलं.

“उत्तम आहे,” ते म्हणाले. “माशाअल्लाह. मी त्याच्यापेक्षा चांगला पाहिलेला नाही.”

“ऐका,” मुझम्मिल हसला. “अम्मोने आज कुणाचं तरी कौतुक केलं. उद्या तबूकला पाऊस.”

सगळे हसले. तल्हाची बोटं नाडीवर क्षणभर थांबली. त्याने मान वर केली नाही. मग गाठ सुटली आणि तो दुसऱ्या बुटाकडे वळला.

उस्मानभाई जर्सींचा ढीग छातीशी धरून धोबीखान्याकडे निघाले. चेहरा असा तापला होता की ओल्या कापडाचा गारवा बरा वाटला. इतकंच तर म्हणायचं होतं. दोन शब्द. त्या दिवशी तोंडात नारळाची वडी होती, तरी जागा होती की त्या शब्दांना.